शेताकडे पाठ

वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरात अशी सकाळ उगवते, की मजा करायला जायचं ठरलेलं असतं आणि घरातलं एकही माणूस दुसऱ्याशी धड बोलत नसतं. ओल्टमनांच्या घरी ती सकाळ ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी उगवायची.

नोरीन ओल्टमन सहापासून उभी होती. पलंगावर तिनं चार शर्ट इस्त्री करून मांडले होते, चारही लाल-काळ्या चौकड्यांचे, एकाच ताग्यातून कापल्यासारखे. गावातल्या दातांच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा लावून द्यायचं काम ती करायची, आणि सवयीनं घरच्यांच्याही वेळा लावायची. साडेनऊला गाडीत. दहाला भोपळ्याच्या शेतावर. सव्वादहाला ऊन चांगलं पडतं तेव्हा फोटो. मग वेळ उरला तर मजा.

"कर्ट, ती टोपी काढ."

"टोपीनं काय केलंय तुझं?" तिचा नवरा म्हणाला.

"तिच्यावर बियाणांच्या कंपनीचं नाव आहे. नाताळच्या कार्डावर मला मक्याची जाहिरात नकोय."

कर्टनं टोपी काढली, टकलावरून हात फिरवला. "मी काय म्हणतो, भोपळेच हवेत ना? किराणा दुकानाच्या दारात ढीग लागलाय. दोन उचलू, घरी येऊ, मॅच बघू. दरवर्षी एवढी यातायात करून आपल्याला मिळतं काय?"

"आठवणी मिळतात," नोरीन फटकन म्हणाली. "मुलांना आठवणी नकोत?"

"मला चालेल नसल्या तरी," चौदा वर्षांची टेसा जिन्यातून म्हणाली. "मी फोटोत मागे उभी राहीन. पार मागे. शेजारच्या जिल्ह्यात."

धाकटी हेटी, सात वर्षांची, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून शर्टाची बटणं लावत होती. एक बटण चुकलं होतं, ते आईला दिसायच्या आत तिला सोडवायचं होतं.

नोरीनला वाईट बाई समजू नका. तिच्या या हट्टाला एक कारण होतं, आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिची आई भोपळा डबाबंद करणाऱ्या कारखान्यात होती. त्या भागात शरद ऋतू म्हणजे कारखान्याचा हंगाम. ऑगस्ट संपता संपता आई दोन-दोन पाळ्या करायला लागायची ती थेट नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत. बाकीची मुलं आईबापांबरोबर शेतावर जायची, आणि नोरीनची आई नारिंगी बोटं घेऊन घरी यायची ती बूट न काढताच कोचावर आडवी व्हायची. नोरीनच्या लहानपणचे उन्हाळ्यातले फोटो आहेत, बर्फातले आहेत. शरदातला एकही नाही. म्हणून तिनं ठरवलं होतं, की आपल्या मुलींना दर वर्षीचा एक असेल. आणि जिन्याच्या भिंतीवर तसे आठ होते, सारख्या चौकटींत, सारख्या अंतरावर.

आता तुम्हीच सांगा, यात चूक काय? मलाही आधी काही दिसली नव्हती.

आर्लिस ब्रूनच्या शेतावर त्या दिवशी जत्रा लोटली होती. आर्लिस सत्तरीची, अंगानं सुकलेली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. अजूनही ट्रॅक्टर स्वतः हाकायची. मागच्या ट्रॉलीत गवताच्या गासड्यांवर माणसं बसली, की निघायच्या आधी ती वळून एकच गोष्ट सांगायची, "भोपळा खालून उचला. देठाला धरू नका. देठ म्हणजे कडी नव्हे. देठ मोडला की भोपळा गेला, आठवड्यात सडतो." माणसं माना डोलवायची आणि फोनमध्ये बघायची.

शेताच्या मध्यावर नोरीननं जागा निवडली. मागे मक्याची वाळकी ताटं, पुढे भोपळे, डावीकडून ऊन. एका चुणचुणीत बाईच्या हातात फोन दिला. कर्ट गाडीपासून गप्पच होता. टेसानं तोंड असं केलं होतं की जणू तिला हॉस्पिटलात दाखल करायला आणलंय.

"हेटी, तो मोठा घे. हां, तो. वर उचल. देठाला धर, देठ दिसला पाहिजे."

"पण आर्लिसनं सांगितलंय की..."

"अर्ध्या मिनिटानं काही होत नाही गं. धर."

हेटीनं धरलं. दोन्ही हातांनी देठ धरून, पाठ मागे टाकून, तिनं तो भोपळा जमिनीपासून वीतभर उचलला. कट् असा आवाज झाला. भोपळा खाली दुसऱ्या भोपळ्यावर आपटला आणि त्याला वरपासून खालपर्यंत भेग गेली. हेटीच्या हातात नुसता देठ राहिला.

पोरीनं आईकडे बघितलं.

नोरीननं आजूबाजूला पाहिलं. ट्रॅक्टर लांब होता. फोन धरलेली बाई स्वतःच्या मुलावर ओरडत होती. नोरीननं बुटानं तो भोपळा वाळल्या वेलांखाली सारला, भेग खाली केली, देठ हेटीच्या हातातून घेऊन त्याच्यावरच ठेवून दिला. लांबून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसावं असा.

"कुणी बघितलं नाही," ती हळूच म्हणाली. "चल, हस."

आणि हेटी हसली. तो फोटो आजवरचा सगळ्यात चांगला आला. संध्याकाळपर्यंत शंभरावर लोकांनी तो फोनवर बघून बदाम पाठवले.

परतीच्या ट्रॉलीतून उतरताना आर्लिसनं हेटीला हात दिला. "काय गं, मिळाला का मनासारखा?"

हेटीनं आधी आईकडे बघितलं. मग म्हणाली, "हो."

येताना फाटकाजवळच्या ढिगातून त्यांनी दोन भोपळे घेतले. घरी आल्यावर हेटीचं पोट दुखायला लागलं. शेतावरचे गोड डोनट जास्त झाले असतील म्हणून नोरीननं तिला आल्याचं सरबत दिलं आणि लवकर झोपवलं. डोनट पोरीनं खाल्लाच नव्हता. शर्टावर साखर सांडेल म्हणून फोटोनंतर खा असं सांगितलं होतं, आणि फोटोनंतर तिनं तो मागितलाच नाही. हे नोरीनला तेव्हा आठवलं नाही.

गुरुवारी शाळेत पालकांची भेट होती. कर्टची कामावर पाळी होती, म्हणून नोरीन एकटीच गेली. दुसरीच्या वर्गाबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर नारिंगी कागदाचे भोपळे कापून चिकटवले होते, आणि प्रत्येकावर एकेका मुलाचा निबंध टाचणीनं लावला होता. वर मोठ्या अक्षरांत प्रश्न होता: कुटुंबानं भोपळ्याच्या शेतावर सहलीला जावं का? आपलं मत लिहा. तीन कारणं द्या.

नोरीन खुशीत वाचायला लागली. जावं, कारण गाई बघायला मिळतात. जावं, कारण माझा भाऊ मक्याच्या भुलभुलैयात हरवला होता. जावं, जावं, जावं. एका बाईनं तिला कोपरानं ढोसलं, "तुमच्या हेटीचा तर भारीच असणार. तुमचा फोटो बघितला मी, अगदी मासिकातल्यासारखा."

हेटीचा तळाच्या ओळीत होता.

"माझं मत आहे की जाऊ नये. पहिलं कारण, जायच्या आधी आई सगळ्यांना ओरडते आणि गाडीत बाबा बोलत नाही. दुसरं कारण, शर्ट मळेल म्हणून भोपळ्याला हात लावायचा नसतो. फक्त फोटोत लावायचा असतो. तिसरं कारण, भोपळा मोडला तर लपवावा लागतो आणि खोटं सांगावं लागतं आणि मग पोटात दुखतं. म्हणून माझं मत आहे की घरी बसून सूप प्यावं."

खाली बाईंनी चांदणी चिकटवून लिहिलं होतं, 'तीनही कारणं स्पष्ट! शाब्बास!'

नोरीनच्या कानापासून मानेपर्यंत आग झाली. शेजारची बाई अजून वरच्या ओळीत होती. दोन मिनिटांत खाली येणार. आणि मग नोरीननं जे केलं ते सांगताना मलाच कसंतरी होतं. ती बूट नीट करायच्या निमित्तानं वाकली आणि नखानं ती टाचणी काढायला लागली. चार दिवसांपूर्वी वेलांखाली भोपळा सारला होता, आता पोरीचा कागद पर्समध्ये सारायचा. टाचणी निघाली. कागद हातात आला.

"राहू दे तो तिथंच," मागून कुणीतरी म्हणालं. "मी वाचलाय."

आर्लिस ब्रून. हातात सफरचंदाच्या गरम रसाचा जग. पालकभेटीच्या दिवशी रस द्यायला ती दरवर्षी यायची, हे नोरीनला ठाऊक होतं. ठाऊक असूनही आठवलं नव्हतं.

"आर्लिस, मी... तो भोपळा... मी तुम्हाला त्याचे..."

"भोपळ्याचं सोड. दररोज संध्याकाळी मी तसले गाडाभर गोळा करते. सगळे असेच ठेवलेले असतात, देठ वर टेकवून, अगदी नीट. गावातली सगळी सभ्य माणसं आहेत." आर्लिसच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "पण पोरीनं मला 'हो' सांगितलं ना, तेव्हा तिचं तोंड बघितलं मी. ते काही मला बरं वाटलं नाही."

नोरीननं कागद पुन्हा भिंतीवर धरला. टाचणी दोनदा खाली पडली. आर्लिसनं जग खाली ठेवून ती उचलून दिली, पण लावली नाही. लावू दिली.

"शनिवारी सकाळी आठला ये," ती म्हणाली. "लोक यायच्या आत. पोरगी यायला तयार असेल तर तिलाही आण. आणि असले कपडे नकोत."

पोरगी तयार असेल तर. नोरीन गाडीत बसून राहिली. आठ फोटो, आठ वर्षं. तिनं भिंतीवर जमवलं होतं ते तिचं लहानपण होतं, मुलींचं नव्हे. मुलीच्या वाट्याला तिनं काय जमवून दिलं? ओरडा, आणि पोटदुखी!

घरी हेटी स्वयंपाकघरात चित्र रंगवत होती. नोरीन समोर बसली. सॉरी म्हणणं सोपं असेल असं तिला वाटलं होतं. दवाखान्यात ती दिवसातून वीसदा म्हणायची.

"मी तुझा निबंध वाचला."

हेटीचा खडू थांबला. "मिसनी सांगितलं होतं, खरं मत लिहा. मत चूक नसतं, असं मिस म्हणाल्या."

"चूक नाहीये. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. भोपळा मी मोडला, हेटी. तू नाही. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आणि लपवला तोही मीच."

हेटीनं खडू टेबलावर ठेवला. "पण आर्लिसला 'हो' मी म्हणाले."

"माझ्यासाठी म्हणालीस."

"हं," हेटी म्हणाली. मग, "तुला रडू येतंय का?"

"थोडंसं."

"कागद देऊ?" म्हणून तिनं रुमालाऐवजी चित्राचा कोरा कागद पुढे केला. नोरीननं त्याच्यानंच डोळे पुसले, चांगलाच खरखरीत होता. शनिवारचं विचारल्यावर मात्र पोरीचे डोळे बारीक झाले. "फोटो आहे का?"

"नाही."

"शर्ट?"

"तुला हवा तो."

"मी येईन," हेटी म्हणाली, "पण मला नको वाटलं तर परत यायचं." नोरीननं कबूल केलं. सात वर्षांच्या मुलीला आपल्या आईशी असा करार करावा लागावा, याची तिला त्या रात्रभर लाज वाटत राहिली.

शनिवारी धुकं होतं. आर्लिसनं दोघींना एकेक हातमोज्यांची जोडी दिली आणि ढकलगाडी दाखवली. देठ तुटलेले, भेगाळलेले, सडायला लागलेले भोपळे वेचायचे आणि गाईंच्या गव्हाणीत टाकायचे. पहिल्या दहा मिनिटांत हेटी कोपरापर्यंत भोपळ्याच्या लगद्यात माखली. नोरीनच्या तोंडावर 'अगं, पँट' आलं होतं. तिनं ते गिळलं. घास मोठा होता, पण गिळला.

गव्हाणीजवळ गाई भोपळे फोडून खात होत्या. हेटी कुंपणावर चढून बसली आणि गाईची जीभ किती लांब आहे ते मोजायला लागली. दोघी बायका गासडीवर टेकल्या.

"तुम्ही हे बंद का करत नाही, आर्लिस?" नोरीन म्हणाली. "माझ्यासारखी माणसं येतात, नासधूस करतात, फोटो काढून जातात. माझा नवरा म्हणतो त्यात तथ्य आहे. या सहलीत काही अर्थ नाही."

"तुझ्या नवऱ्याला दुकानाच्या दारातून भोपळा आणायचाय, तर खुशाल आणू दे. निदान तो कुणाला हस म्हणत नाही." आर्लिस हसली, मग गंभीर झाली. "दोष मी तरी कुणाला देऊ? बारा वर्षांपूर्वी गर्दी कमी झाली, तेव्हा फोटोसाठी गासड्या मीच रचल्या. तोंड घालायला भोकं पाडलेली रंगीत फळी मीच उभी केली. माझा नवरा तेव्हा होता. तो म्हणाला होता, आर्लिस, आता लोक शेताकडे पाठ करून उभे राहतील. मी म्हटलं, उभे राहू देत, येतील तर खरे. आणि तसंच झालं. दिवसभर मी माणसांची तोंडं बघते. शेताकडे बघणारं तोंड शोधावं लागतं."

"मग?"

"मग काय, शंभरात एखादं पोर असतं. येतं आणि मातीत बसकण मारतं. भोपळ्यावर थापट्या मारून कान लावतं. त्याला उठवलं तर उठत नाही. त्या एका पोरासाठी दर मे महिन्यात माझे गुडघे दुखतात आणि मी पेरते." तिनं कुंपणाकडे मान वळवली. "ती तुझी त्यातलीच होती. तीन वर्षांची असेल. ओळीच्या कडेला बसून एका भोपळ्याशी गप्पा मारत होती. तू आलीस आणि दंडाला धरून उठवलंस. ऊन जाईल म्हणालीस."

नोरीनला तो दिवस आठवत नव्हता. त्या दिवसाचा फोटो आठवत होता, वरून पाचवा. त्यात हेटीचा एक हात पाठीमागे होता. मातीनं भरला म्हणून तिनंच तो मागे धरायला लावला होता. एवढं सुंदर चित्र तिनं चार वर्षं रोज जिना चढता-उतरता बघितलं होतं, आणि त्या मागच्या हाताकडे कधी बघितलं नव्हतं.

"माझी आई कारखान्यात होती," तिच्या तोंडून निघून गेलं. "मला कुणी आणलंच नाही इथं."

"माहीत आहे मला. तुझ्या आईच्या कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर माझेच भोपळे जायचे." आर्लिसनं तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "पण पोरी, तुला आई हवी होती की फोटो?"

नोरीन उठली, कुंपणापाशी गेली आणि हेटीशेजारी चढून बसली. पँटला चिखल लागला.

"आई, ही गाय शिंकली."

"गाई शिंकतात?"

"शिंकतात! तू बघत नव्हतीस. थांब, परत शिंकेल."

दोघी गाईकडे बघत बसल्या. गाय काही पुन्हा शिंकली नाही. अर्धा तास गेला, फाटकाशी पहिल्या गाड्या लागल्या, चौकड्यांचे शर्ट घातलेली कुटुंबं उतरायला लागली, आणि नोरीनला मान वर करून बघवेना. प्रत्येक शर्टात तिला तीच दिसत होती.

घरी जाताना नोरीननं विचारलं, "पुढच्या वर्षी यायचं का? की नको? तू सांग." आणि तिला मनापासून भीती वाटली उत्तराची.

हेटीनं खिडकीबाहेर बघत बराच विचार केला. सोयाबीनची कापलेली शेतं गेली, धान्याची उंच कोठारं गेली, पाण्याची टाकी गेली.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

नोरीननं घाई केली नाही. इतकी वर्षं तिनं विचारलं नव्हतं. पोरीला चार दिवस लागले तर लागोत.

तर मंडळी, भोपळ्याच्या शेतावर सहलीला जावं की जाऊ नये, याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि शेतावरही मिळत नाही. ते आपल्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेलं असतं. आपण मुलांना मजा करायला नेतो आणि त्यांच्याकडून आपल्याला हवं तसं हसू काढून घेतो. काही मोडलं-तुटलं की ते लपवायलाही त्यांनाच शिकवतो, वर त्यालाच आठवणी म्हणतो. सहल कुठलीही असो, परत आल्यावर नेलेल्या माणसाला एकदा विचारावं, की बाबा रे, तुला कसं वाटलं? आणि त्यानं खरं सांगितलं तर ते भिंतीवरून काढू नये.